नोंदवहीतला कोरा रकाना

"नळाच्या पाण्याला पावडरीचा वास येतो," ही तक्रार मी नोकरीच्या चौतीस वर्षांत किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. १९७९ साली मी आमच्या तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेत पंपावर मदतनीस म्हणून लागलो आणि २०१३ साली जलशुद्धीकरण केंद्रावरून निवृत्त झालो. मी लागलो तेव्हा गावाची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. नदीकाठी जॅकवेल, टेकडीवर पाण्याची टाकी आणि सकाळी दीड तास नळ. लहान गावात पाणीखात्याचा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्यामुळे बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीतही कुणी ना कुणी गाठायचेच. "अहो, आज वरणालासुद्धा वास येतोय. जरा हात आवरता घ्या की!" आमच्या शेजारच्या काकू तर मला पाहिले की पदर नाकाला लावायच्या. थट्टेने, पण लावायच्या.

चौतीस वर्षांत उलट तक्रार मात्र एकदाही आली नाही. "आज पाण्याला वास आला नाही, पावडर टाकलीत ना?" असे मला कुणी विचारले नाही. ते कुणीतरी विचारायला हवे होते, असे आज वाटते. का, ते सांगण्यासाठी आधी या वासाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा.

गढूळ पाणी वाईट, नितळ पाणी चांगले, ही माणसाची जुनी समजूत. आपल्याकडे तुरटी फिरवणे, पाणी उकळून घेणे, दुहेरी फडक्यातून गाळणे हे सारे त्यातून आले, आणि ते उपयोगाचेही आहे. पण नितळ पाण्यातूनही मरण येऊ शकते हे जगाला पटायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि बोट ठेवले ते रस्त्यावरच्या एका पाण्याच्या पंपावर. त्या पंपाचा दांडा काढून टाकला गेला. त्या पंपाचे पाणी गावात चांगले म्हणून नावाजलेले होते. लोक दुरून येऊन ते भरून नेत.

रोगाचे कारण पाण्यात आहे हे कळले, पण पाण्यात औषध घालून ते रोज गावाला पाजणे ही कल्पना लोकांना पचायला आणखी पन्नास वर्षे लागली. १९०४-०५ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात नळाच्या पाण्यातून विषमज्वराची मोठी साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी शहराच्या पाण्यात क्लोरीनचे द्रावण सतत सोडायला सुरुवात केली. त्यानंतर १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या बूनटन जलाशयावर डॉ. जॉन लील यांनी तेच मोठ्या प्रमाणावर केले. त्यांनी वापरली ती साधी ब्लीचिंग पावडर. आमच्या पंपहाऊसच्या कोपऱ्यात पोत्यांनी पडलेली असायची तीच. लोकांच्या पाण्यात रसायन मिसळता म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयासमोरही आला. तिथे वकिलांनी लील यांना विचारले, हे पाणी तुम्ही स्वतः पिता का, घरच्यांना द्याल का? ते हो म्हणाले. अखेर न्यायालयाने ही पद्धत मान्य केली, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरामागून शहराने ती उचलली. विषमज्वर ओसरण्यात तिचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडच्या लहान गावांत नळ आला तो बहुतांशी स्वातंत्र्यानंतर. मोठ्या शहरांसारखी खर्चिक यंत्रे परवडणारी नव्हती, म्हणून आपल्याच अभियंत्यांनी स्वस्त मार्ग शोधले. नागपूरजवळचे रामटेक, जळगाव जिल्ह्यातले वरणगाव, नाशिक जिल्ह्यातले चांदोरी या ठिकाणी सत्तरच्या दशकात डॉ. कर्डिले यांनी उभारलेली साधी शुद्धीकरण केंद्रे देशभरच्या अभियंत्यांना माहीत झाली. त्यांतल्या गाळणीसाठी वाळूच्या जोडीला नारळाच्या करवंटीचा भुगाही वापरला होता. डोके आणि कळकळ असली की थोड्या पैशांत काय होते, याचा तो नमुना.

पण केंद्र कितीही चांगले असले तरी तिथे शुद्ध झालेले पाणी तुमच्या माठात पोचेपर्यंत मैल-दोन मैल नळातून जाते. आपल्या गावांत नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि आत ओढ निर्माण होते. वाहिनी गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेली. सांधा सैल असेल, चीर असेल, तर बाहेरची घाण आत येते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. नळ आल्या आल्या पहिली बादली भरू नका, ती सांडू द्या, असे जुन्या बायका सांगायच्या ते उगाच नव्हे.

म्हणून क्लोरीन टाकीत घालून भागत नाही, वाटेत येणाऱ्या घाणीशी लढायला तो पाण्यात थोडा शिल्लक राहावा लागतो. गावाच्या शेवटच्या नळालाही एका लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा आपल्याकडचा नियम आहे. आम्ही त्याला ०.२ पीपीएम म्हणायचो. दहा लाख लिटरच्या टाकीत हे सगळे मिळून दोनशे ग्रॅम भरते. एवढ्याशा शिलकीवर गावाचे आरोग्य उभे असते.

ती शिल्लक मोजायची रीत सोपी होती. काचेच्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे, आणि पाणी पिवळे होते का ते पाहायचे. जितके पिवळे तितका क्लोरीन जास्त. रंग ताडून पाहायला क्लोरोस्कोप नावाची लहानशी पेटी असायची. याला सगळे ओटी म्हणतात. पुढे हे रसायन आरोग्याला बरे नाही असे ठरले आणि पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी आली. पण पाण्याला रंग आला की नाही आणि आला तर किती, हा प्रश्न तोच राहिला. आलेला आकडा नोंदवहीतल्या त्या तारखेच्या रकान्यात लिहायचा आणि पुढे सही करायची. दोन-तीन मिनिटांचे काम.

आता मी तुम्हाला एका परक्या गावाची गोष्ट सांगतो. गाव कॅनडातले, ऑन्टॅरिओ प्रांतातले. नाव वॉकर्टन. वस्ती पाच हजारांच्या आत, भोवती शेती आणि गाईगुरे. पाणी विहिरींचे. त्यातली पाच क्रमांकाची विहीर १९७८ मध्ये केलेली, फारच उथळ. पाच ते आठ मीटर खोलीवरच्या भेगाळ खडकातून तिला पाणी यायचे. जमिनीवरची घाण तिच्यात उतरू शकते, ही शंका ती बांधली तेव्हाच कागदावर आली होती. मग कागद फाइलमध्ये गेला.

मे २००० मध्ये त्या भागात जोरदार पाऊस झाला. ८ ते १२ तारखेच्या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर. आपल्या कोकणाला ही एका दिवसाची गोष्ट, पण तिथे फार. विहिरीजवळच्या शेतात शेणखत टाकलेले होते. शेतकऱ्याने ते रीतसर टाकले होते, त्याचा काही दोष नाही, असे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. पावसाबरोबर त्यातले जंतू जमिनीत उतरले, विहिरीत आले आणि नळातून घराघरांत गेले. त्यातला एक ई. कोलाय जातीचा, ओ१५७ नावाने ओळखला जाणारा अतिशय घातक जंतू. त्याने रक्ताची हगवण लागते आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

या घाणीने क्लोरीन खाऊन टाकला. पाण्यात शिल्लक काही राहिली नसणार. त्या दिवसांत कुणी नळीत पाणी घेऊन पाहिले असते तर ते लगेच कळले असते. पण तिथल्या पाणीखात्यात रोज पाणी तपासण्याची रीतच उरलेली नव्हती. व्यवस्थापक आणि त्याचा भाऊ हे दोघे काम पाहत. व्यवस्थापक तरुणपणीच त्या खात्यात चिकटलेला, जुना माणूस म्हणून परीक्षा न देताच त्याला परवाना मिळालेला. वर्षानुवर्षे त्यांच्या नोंदपत्रकात दोनच आकडे आलटून पालटून दिसत होते, ०.५ आणि ०.७५. पाणी न तपासताच ते भरले जात होते. भरीला सात क्रमांकाच्या विहिरीवरचे क्लोरीनचे यंत्र बसवलेलेच नव्हते आणि तिचे पाणी त्या मे महिन्यात कित्येक दिवस तसेच सोडले गेले.

ही माणसे दुष्ट होती का? चौकशीत जे बाहेर आले ते वाचून मला तसे म्हणवत नाही. आपल्या गावचे पाणी मुळात चांगले आहे अशी त्यांची खात्री होती. क्लोरीन न घातलेले पाणी ते स्वतः पीत. आणि गावातले लोकही अधूनमधून म्हणत, क्लोरीन जरा कमी करा, चव बिघडते. आमच्या शेजारच्या काकूंना वॉकर्टन कुठे आहे हे ठाऊक नव्हते, पण तिथल्या बायाबापड्यांची तक्रार अगदी त्यांचीच होती.

पण पुढे जे घडले त्याला माफी नाही. १५ मे रोजी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांत दोष आहे, असे खासगी प्रयोगशाळेने १७ तारखेला व्यवस्थापकाला कळवले. फक्त त्यालाच. कारण १९९६ मध्ये सरकारने पाणी तपासण्याचे आपले काम खासगी प्रयोगशाळांवर सोडले होते, आणि वाईट अहवाल आला तर आरोग्य खात्यालाही कळवा, असा बंधनकारक नियम केलाच नव्हता. १९ तारखेला आजारी मुले पाहून एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि आरोग्य खात्याने पाणीखात्याला फोन करून विचारले. उत्तर मिळाले, पाणी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. त्याच वेळी व्यवस्थापक घाईघाईने वाहिन्या धुऊन काढत होता आणि क्लोरीन वाढवत होता. शेवटी २१ मे रोजी, रविवारी, आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून प्या, असा इशारा दिला. तो रेडिओवरून दिला गेला. आज रेडिओवर बोलताना सांगायला हवे, की त्या दिवशी गावातल्या जेमतेम अर्ध्या लोकांपर्यंत तो पोचला. घरोघर पत्रके वाटली गेली नव्हती.

सात माणसे गेली. तेवीसशेहून जास्त आजारी पडली, म्हणजे जवळजवळ निम्मे गाव. सत्तावीस जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. पाणी उकळण्याचा इशारा उठायला डिसेंबर उजाडला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली, तिचा पहिला भाग २००२ च्या जानेवारीत आला. त्यात दोघा भावांना दोष दिला आहेच, पण तिथेच थांबलेले नाहीत. उथळ विहिरीला परवानगी देणारे, वेळोवेळी तपासणीला येऊन नोंदी न पडताळणारे, अहवाल कळवण्याचा नियम न करणारे सरकार, खर्चकपात करताना लोकांच्या आरोग्याचा विचार न करणारे, सगळ्यांची हजेरी घेतली आहे. क्लोरीन सतत मोजणारे यंत्र त्या विहिरीवर असते तर साथ आलीच नसती. रोजची तपासणी नीट होत असती तर ती पुष्कळ आटोक्यात राहिली असती. १९ तारखेला खरे सांगितले असते, तर तीनशे-चारशे माणसे आजारी पडण्यावाचून वाचली असती. त्यानंतर तिथे पिण्याच्या पाण्याचा नवा कायदा झाला आणि पाणी सोडणाऱ्या माणसांना शिक्षण देणारी संस्था त्याच गावात उभी राहिली. २००४ मध्ये व्यवस्थापकाला एक वर्षाची कैद झाली आणि भावाला नऊ महिने घरात स्थानबद्धता.

ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकली ती २००५ साली, पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात. शिकवणारे अभियंता तरुण होते. त्यांनी फळ्यावर ०.५ आणि ०.७५ हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि म्हणाले, "सात माणसं गेली तेव्हा वही अशी दिसत होती." वर्गातले काही जण हसले. मी हसू शकलो नाही. मला फळ्यावर ०.२ आणि ०.३ दिसत होते, आणि माझी सही.

१९९३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलैच्या सुरुवातीला आमचे ओटीचे द्रावण संपले. मागणीचा कागद मी दिला. आठ दिवस झाले, बाटली आली नाही. तोवर रकाने कोरे राहिले होते. माझ्यावर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. माणूस प्रेमळ, कामाला वाघ. ते म्हणाले, "अरे, कोरं ठेवशील तर खुलासा मागतील. लिही शून्य पॉइंट दोन. पाणी तेच, पावडर तीच, काय फरक पडतो?" मी लिहिले. मागचे आठ दिवस भरले आणि पुढचेही भरत गेलो. सगळीकडे ०.२ दिसू नये म्हणून मधूनच ०.३ लिहिले. असे तेवीस दिवस.

पावडर तीच नव्हती. शेड गळत होती आणि पोती खालून ओली झाली होती. ताज्या पावडरीत शेकडा तेहतीस भाग क्लोरीन असतो. ओल लागली की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो. लाख लिटरला सहाशे ग्रॅम पावडर हा आमचा हिशेब ताज्या पावडरीचा. पावडर निम्मी मेली असेल तर औषधही निम्मे. हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही ते पाहायचे साधन हातात नसल्याने मी पाहिले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस गावातल्या एका गल्लीत कावीळ सुरू झाली. चाळीसेक घरांची गल्ली, एकोणीस जण पडले. बहुतेक सगळे महिना-दीड महिन्यात उठले. एका घरची सून उठली नाही. तिला सातवा महिना होता. जिल्ह्याच्या गावी नेताना वाटेतच गेली. गरोदर बाईला ही कावीळ किती घातक असते ते मला नंतर कळले. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत. लग्न होऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

चौकशीला जिल्ह्याहून एक वैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी नोंदवही मागितली. मी आणून दिली. त्यांनी जुलैची पाने उलटली, रकान्यावरून बोट खाली नेले आणि म्हणाले, "क्लोरीन तर व्यवस्थित दिसतोय." वही मिटली. मी समोर उभा होतो. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. मी बोललो नाही. मग ते गल्लीत गेले, गटारातून गेलेली वाहिनी उकरायला लावली, तिला चीर सापडली, ती बुजवली. साथ थांबली. अहवालात कारण लिहिले गेले, फुटकी वाहिनी.

पुढे बरीच वर्षे मी एका गोष्टीचा आधार घेत होतो. दिल्लीत १९५५-५६ साली काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादला जिथून पाणी उपसतात तिथवर आले. केंद्रावरच्या लोकांना ते दिसले, त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर, हगवण पसरली नाही, पण कावीळ झालेल्यांची संख्या एकोणतीस हजारांच्या घरात गेली. काविळीचा विषाणू क्लोरीनला सहज दाद देत नाही, हे त्यातून दिसले. मग मी मनाशी म्हणायचो, आपल्या पाण्यात ०.२ असते तरी त्या गल्लीत काय फरक पडला असता?

पण प्रशिक्षणाहून परतताना एस.टी.त बसल्या बसल्या ही समजूत गळून पडली. दिल्लीतल्या त्या साथीवर डॉ. विश्वनाथन यांनी जो अभ्यास केला, तो जगभर आजही वाचला जातो. नाल्याचे पाणी कधी शिरले, केंद्रावर काय काय केले, साथ कधी सुरू झाली, सगळे तारीखवार मांडता आले. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने अनेक वर्षांनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा ही नेहमीची कावीळ नव्हती हे सिद्ध झाले. आज आपण जिला हिपॅटायटिस ई म्हणतो, ती ओळखण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. खऱ्या नोंदी होत्या म्हणून एवढ्या मोठ्या अपयशातूनही जगाला काही शिकता आले. आमच्या गल्लीतल्या साथीतून कुणाला काही शिकता आले नाही. फुटकी वाहिनी एकटी कारण होती की मेलेली पावडरही, हे ठरवायचा एकमेव कागद मी खोटा करून ठेवला होता. त्या अधिकाऱ्यांना वहीत कोरे रकाने दिसले असते, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. पोती पाहिली असती. शेडचे छप्पर पाहिले असते. ०.२ ने तो प्रश्नच बंद केला.

त्यानंतरची आठ वर्षे मी एक पथ्य पाळले. तपासले तर लिहायचे, शून्य आले तर शून्य लिहायचे, आणि तपासता आले नाही तर रकाना कोरा ठेवून शेजारी कारण लिहायचे. २००६ च्या उन्हाळ्यात द्रावण पुन्हा संपले. मी चार दिवस कोरे ठेवले. अपेक्षेप्रमाणे खुलासा मागणारे पत्र आले. आणि त्या पत्रामागोमाग दोनच दिवसांत द्रावणाच्या बाटल्याही आल्या! तेरा वर्षांपूर्वीही कदाचित असेच झाले असते. ते पाहण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. आपल्या राज्यात गावोगाव जलसुरक्षक नेमलेले आहेत, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डे दिली जातात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणीच्या पेट्या देऊन पाणी तपासायला शिकवण्यात आले. काही शहरांत क्लोरीन आपोआप मोजणारी यंत्रे बसली आहेत. या सगळ्याचा आनंद आहे. पण कार्ड हिरवे असो की यंत्र नवे, शेवटी एक माणूस सकाळी एक आकडा पाहतो आणि तो कुठेतरी उतरवतो. गाव पाणी पिते ते त्याच्या भरवशावर.

तेव्हा पाण्याला वास आला तर रागावू नका. माठात किंवा उघड्या भांड्यात भरून ठेवा, थोड्या वेळाने वास जातो. पावसाळ्यात गल्लीत कावीळ किंवा जुलाब दिसू लागले तर कुणाची वाट न पाहता पाणी उकळून प्या, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरे देऊच नका. नळाजवळ गटार असेल, वाहिनी गळत असेल, तर तक्रार लेखी द्या. आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा माणूस काचेची नळी घेऊन दारात आला, तर त्याला उभ्या उभ्या घालवू नका. तुमच्या नळाचे पाणी त्याला घेऊ द्या, रंग तुम्हीही पाहा आणि विचारा, "आज किती आलं?" एवढे कुणी विचारत राहिले, तर त्याला खोटे लिहिणे जड जाईल.

त्या वहिनींचे सासरे पुढे बरीच वर्षे मला बाजारात भेटत. नमस्कार करत, चौकशी करत. पाण्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते. आता ते नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोर सांगितले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)